सांगड : उलांडीची होडी आणि समुद्राचे अंतर्दर्शन

'अभ्यास आणि खेळ यांची सांगड घाला', 'विचार आणि आचार यांची सांगड बसली पाहिजे' अशी वाक्ये तुम्ही वर्गात वारंवार ऐकता. परंतु सांगड ही मुळात कोणती वस्तू, असे विचारले तर उत्तर देणारे फार थोडे निघतील. नदी उतरून जाण्यासाठी दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन सुके भोपळे एकत्र बांधून तरण्याचे जे साधन करीत, त्याला सांगड म्हणत. एकटा ओंडका पाण्यात गरगर फिरतो आणि वर बसणाऱ्यास खाली टाकतो. त्याला दुसरा बांधला की दोन्ही स्थिर होतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक ग्रंथात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील, ओंडके एकत्र जोडून केलेल्या मोठ्या नौकांना 'संगर' असे नाव दिलेले आढळते. हे नाव आणि आपली 'सांगड' यांचे नाते असावे, असे काही विद्वान मानतात.

प्रस्तुत लेखात या सांगडीच्याच एका धाकट्या भावंडाची, म्हणजे उलांडीची, ओळख करून घ्यावयाची आहे. आणि ती होडी जेथे नेते, त्या उथळ समुद्राच्या तळाशी काय दिसते व ते कसे पाहावयाचे, याचाही विचार करावयाचा आहे.

आपला प्रदेश आणि पाणी

बीदर-कलबुर्गीच्या मुलांना समुद्राशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. बीदरहून मालवणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे पावणेपाचशे किलोमीटर दूर आहे. आपल्या मांजरेचे पाणी गोदावरीतून व भीमेचे पाणी कृष्णेतून समुद्राला मिळते खरे, पण तो समुद्र पश्चिमेचा नव्हे, पूर्वेचा. तरीही आपले गाव समुद्रापासून तुटलेले कधीच नव्हते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बहामनी राजधानी बीदर येथे आला. परतताना तो दाभोळहून जहाजात बसला. बीदरचा मदरसा ज्याने १४७२ मध्ये बांधविला, त्या वजीर महमूद गावानने त्याच सुमारास कोकणात मोहीम काढून गोवा जिंकून घेतला. म्हणजे बीदरच्या वेशीतून निघालेला रस्ता त्या काळी थेट खाऱ्या पाण्यापर्यंत जात होता.

आज मात्र आपल्याकडील बहुसंख्य मुलांचा पाण्याशी संबंध येतो तो विहीर, तलाव, कालवा, कारंजा धरणाचा फुगवटा किंवा गाणगापूरचा भीमा-अमरजा संगम एवढ्यापुरताच. त्यांतले कितीतरी जण पोहणे शिकलेले नसतात. 'पाण्यात पडले की पोहता येते' अशी एक म्हण आपण सहज बोलून जातो. काम अंगावर पडले की माणूस शिकतो, या अर्थी ती खरी आहे. प्रत्यक्ष पाण्याच्या बाबतीत मात्र ती साफ खोटी आणि घातक आहे. २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत लहान मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. म्हणून या लेखाचा विषय जरी सहलीचा असला, तरी त्याचे प्रयोजन केवळ मौजेचे नाही.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. ते मुलाला विहिरीत ढकलून देत नसत. त्याच्या पाठीला सुका भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा बांधीत, आणि मग कोणी जाणता माणूस त्याला हात देत पाण्यात उतरवीत असे. हे पांगाऱ्याचे लाकूड ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

उलांडी म्हणजे काय?

कोणत्याही होडीपुढे दोन अडचणी असतात. तिला वेगाने व सरळ जावयाचे असेल, तर ती लांब व अरुंद पाहिजे. परंतु अरुंद होडी लगेच कलंडते. उलटपक्षी, ती कलंडू नये म्हणून रुंद केली, तर वेग जातो. आपल्या कृष्णा-तुंगभद्रेच्या खोऱ्यात चालणारी टोपलीसारखी वाटोळी नाव तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. कन्नडमध्ये तिला हरिगोलु म्हणतात. ती सहसा कलंडत नाही, पण वल्हे मारताच स्वतःभोवती फिरू लागते. प्रवाह ओलांडण्यापुरती ती उत्तम आहे; परंतु लांबच्या वाटेला तिचा उपयोग नाही.

या पेचातून सुटण्याची एक युक्ती समुद्रकाठच्या लोकांनी शोधून काढली. होडी लांब व अरुंदच ठेवावयाची, पण तिच्या एका बाजूस काही अंतरावर, तिला समांतर असा हलक्या लाकडाचा एक निमुळता ओंडका पाण्यावर तरंगत ठेवावयाचा आणि दोन आडव्या दांड्यांनी तो होडीला पक्का बांधावयाचा. या बाजूच्या ओंडक्याला कोकणात 'उलांडी' म्हणतात. आता यांत्रिक नौका व फायबरच्या होड्या सर्वत्र झाल्या आहेत, तरी उलांडी लावलेल्या लहान होड्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पाहावयास मिळतात. गोव्यात पाळोळ्याच्या पुळणीवरून अशाच होड्यांतून प्रवाशांना समुद्रात फिरवून आणतात. जेम्स हॉर्नेल या अभ्यासकाने भारतीय होड्यांच्या घडणीवर १९२० मध्ये एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने भारतीय होड्यांच्या घडणीचा दूरच्या सागरी लोकांशी काय संबंध असावा, याचा विचार केला आहे.

तोलाचे गणित

उलांडी होडीला कशी सावरते, हे विज्ञानातील तरफेच्या नियमाने समजते. मुख्य होडीचा स्वतःचा तोल क्षणभर बाजूला ठेवू. समजा, उलांडीचा ओंडका २० किलोग्रॅम वजनाचा आहे, त्याचे आकारमान ६० लिटर आहे आणि तो होडीच्या मध्यरेषेपासून दीड मीटर अंतरावर आहे. शांत पाण्यात तो आपल्या वजनाइतके, म्हणजे २० लिटर पाणी बाजूला सारून तरंगतो.

आता होडी उलांडीच्या बाजूस कलली. ओंडका पाण्यात दाबला जाईल. पूर्ण बुडेपर्यंत तो आणखी ४० लिटर पाणी बाजूला सारील. म्हणजे ४० किलोग्रॅम भाराइतके बल त्याला वर ढकलील. या बलाला अंतराने गुणले तर ४० × १.५ = ६० एवढे सावरणारे परिबल मिळते. होडी विरुद्ध बाजूस कलली, तर ओंडका पाण्याबाहेर उचलला जाईल आणि त्याचे वजन त्याला खाली ओढील. येथे परिबल २० × १.५ = ३० एवढेच होते. म्हणजे एका बाजूस उलांडी उशीसारखी आधार देते, तर दुसऱ्या बाजूस केवळ वजनासारखी ओढून धरते. दोन्हींकडे ती मदतच करते, पण ती मदत सारखी नसते.

४५ किलोग्रॅम वजनाची दोन मुले मध्यरेषेपासून अर्धा मीटर बाहेर झुकली, तर त्यांचे कलंडविणारे परिबल ९० × ०.५ = ४५ होते. ती उलांडीच्या बाजूस झुकली तर होडी सावरेल, कारण ४५ हे ६० पेक्षा कमी आहे. विरुद्ध बाजूस झुकली तर होडी उलटेल, कारण ४५ हे ३० पेक्षा जास्त आहे. 'झुकावयाचेच असेल तर उलांडीकडे झुका' हा नियम हवाई बेटांतील प्रत्येक नवशिक्याला होडीत पाऊल टाकण्यापूर्वी सांगतात. त्यामागचे गणित एवढेच आहे.

बाभळीचे आणि पांगाऱ्याचे आप्त

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर हवाई बेटे आहेत. तेथील लोक उलांडीच्या होडीला 'वाआ', उलांडीच्या ओंडक्याला 'आमा' आणि आडव्या दांड्यांना 'इआको' म्हणतात. आमा बहुधा डाव्या बाजूस असते. जुन्या काळी होडीचे अंग 'कोआ' नावाच्या झाडाच्या एकसंध बुंध्यातून कोरून काढीत. हा कोआ आपल्या शेताच्या बांधावरील बाभळीच्या गोतातला. आमेसाठी 'विलीविली' झाडाचे अतिशय हलके लाकूड घेत, आणि विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा सख्खा आप्त! वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती एकच, 'एरिथ्रिना'. बांधणी नारळाच्या काथ्याच्या सुंभाने होत असे. तो तर कोकणातही घरोघरचा. तात्पर्य, जे हलके लाकूड आपल्या आजोबांनी पाठीला बांधून विहिरीत उडी घेतली, त्याच्याच भाऊबंदाने तेथे महासागरात होडी सावरून धरली.

आज तेथे पर्यटकांनाही वाटाड्याबरोबर अशा होडीतून नेतात. सहा जणांची होडी सुमारे १३ मीटर लांब असते. सर्वांत पुढे बसलेला वल्ह्याचा ठेका धरतो, मागील सर्वांनी तोच ठेका राखावयाचा. ठरावीक फटक्यांनंतर एकजण हाक देतो व सर्वजण एकदम बाजू बदलतात. शेवटचा माणूस सुकाणू सांभाळतो. एखादा बलवान मुलगा आपल्याच वेगाने वल्हे मारू लागला, तर होडीचा वेग वाढत नाही, उलट ती अडखळते.

लांबच्या प्रवासासाठी मात्र ते लोक दोन होड्या जोडून, वर फळ्यांचा तराफा घालून आणि शीड उभारून नाव तयार करीत. ही तर सरळसरळ सांगडच झाली. अशा नावांतून, कोणत्याही यंत्राशिवाय, हजारो मैलांचा समुद्र ओलांडून त्यांनी बेटे वसविली. की ते केवळ वाऱ्याने भरकटत तेथे पोचले? या प्रश्नावर पंडितांत मोठा वाद होता. त्याचा निकाल लावण्यासाठी 'होकुलेआ' नावाची सुमारे १९ मीटर लांबीची जोडनाव बांधण्यात आली. तिचे साहित्य बरेचसे नवे होते, पण घडण जुनी होती. १ मे १९७६ रोजी ती हवाईतील माउई बेटावरून निघाली आणि ४ जून रोजी सुमारे चार हजार किलोमीटरांवरील ताहिती बेटाच्या पापीती बंदरात पोचली. सातावाल या चिमुकल्या बेटावरचा माउ पिआइलुग हा नाविक होकायंत्र किंवा नकाशा न वापरता तारे, लाटा, वारा व पक्षी यांच्या खुणांवरून वाट दाखवीत होता.

'होकुलेआ' हे एका ताऱ्याचे नाव आहे. तो तारा म्हणजे आपली स्वाती. स्वाती हवाईच्या दक्षिणेकडील बेटावर जवळजवळ बरोबर माथ्यावरून जाते. परतताना स्वाती माथ्यावर आली की नाविकाला कळे, आपण घराच्या अक्षांशावर आलो. आता गंमत पाहा : आपले बीदर १८ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे आणि स्वाती आकाशात विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. म्हणून ती आपल्याही माथ्यावरून, खमध्यापासून जेमतेम एका अंशाने सरकून जाते. मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास अंगणात उताणे पडून पाहा. तो नारिंगी तेजस्वी तारा हवाईच्या नावाड्यांचा घरचा दिवा होता.

या कथेला एक दुःखद प्रकरणही आहे. मार्च १९७८ मध्ये हीच नाव वादळी समुद्रात रात्री उलटली. एडी आइकाऊ हा जीवरक्षक मदत आणण्यासाठी लाटांवर तरंगणारी आपली फळी घेऊन एकटाच निघाला. बाकीचे सर्व वाचले. एडी मात्र पुन्हा कोणास दिसला नाही. त्याच्या सोबत्यांनी प्रवास सोडून दिला नाही, त्यांनी तयारी वाढविली. पुढील सफरीत नावेबरोबर सोबतीचे जहाज ठेवले. १९८० मध्ये नाइनोआ थॉम्पसन या हवाईच्याच तरुणाने त्याच रीतीने नाव ताहितीला नेऊन परत आणली. समुद्राला न भिणारा शूर असे आपण म्हणतो. पण त्याला ओळखून तयारीने उतरणारा अधिक शूर होय.

पाण्याखाली पाहण्याची विद्या

उलांडीची होडी खडकाळ, उथळ खाडीत नेऊन उभी करतात व तेथे प्रवासी पाण्यावर पालथे तरंगत तळ पाहतात. यासाठी तोंडावर काचेचा मुखवटा व तोंडात एक वाकडी नळी धरतात. या नळीस स्नॉर्केल म्हणतात. यामागील शास्त्र थोडक्यात असे :

पाण्यात उघड्या डोळ्यांना अंधुक दिसते, कारण पाणी आणि डोळ्याचे बुबुळ यांच्या अपवर्तनांकांत फारसा फरक नसतो व किरण पुरेसे वळत नाहीत. काच आणि डोळा यांमध्ये हवेचा थर ठेवला की दृष्टी स्पष्ट होते. परंतु पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ४/३ असल्याने चार मीटरांवरील मासा तीन मीटरांवर आहे असे भासते आणि तो असतो त्याहून मोठाही दिसतो. म्हणून पहिल्यांदा पाहणारा जे वर्णन करतो, त्यातून चौथा हिस्सा वजा करावा, हे बरे!

नळी साधारण ३५-४० सेंटीमीटरच का? ती तीन मीटर लांब करून तळाशी का चालता येत नाही? कारण एक मीटर खोलीवर पाणी दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जादा भार टाकते. छातीचा दर्शनी भाग १००० चौरस सेंटीमीटर धरला, तर हा भार १०० किलोग्रॅम होतो. नळीतून येणारी हवा तर पृष्ठभागावरील साध्या दाबाची. एवढा भार पेलून श्वास ओढणे छातीच्या स्नायूंना शक्य नाही. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाची वापरलेली हवाच साचून राहते व तीच पुन्हा आत येते. म्हणून नळी आखूड असते आणि श्वास सावकाश व खोल घ्यावयाचा असतो. बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेण्याची स्पर्धा कधीही करू नये. तसे केल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घेण्याची निकड मेंदूला वेळेवर कळत नाही, आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. विहिरीत 'कोण जास्त वेळ खाली राहतो' हा खेळ खेळणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

मालवणचे पाणी

हवाईला जाणे आपल्यापैकी कितीजणांना घडेल, कोण जाणे. परंतु हीच विद्या अनुभवण्याचे स्थळ आपल्या भाषेच्या मुलखात आहे. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्या सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली, त्याच्या तटाभोवतीच्या खडकांवर प्रवाळ वाढते. १९८७ मध्ये मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा टापू सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडी-प्रशिक्षण संस्था आहे. पावसाळा संपून समुद्र निवळला की वाटाड्याबरोबर येथे तळ पाहावयास जाता येते.

अशा सहलीचा क्रम नीट समजून घ्यावा. प्रथम जीवरक्षक जाकीट अंगात घालून सर्व पट्टे आवळावयाचे. पोहता येत असले तरीही. मग मुखवट्याची परीक्षा : पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढावा, तो चिकटून राहिला तर मापाचा. नंतर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तोंडाने श्वास घेण्याचा सराव करावा. नळीत पाणी शिरले तर घाबरून डोके वर न काढता जोराने फुंकर मारली की ते बाहेर उडते. ऐकण्यावर विसंबू नये. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो व तो कोठून आला हे कानांना उमगत नाही. म्हणून हाताच्या खुणा आधी पाठ कराव्यात. प्रत्येकाला एक जोडीदार असावा व त्याला नजरेआड होऊ देऊ नये. समुद्राचे ठीक नसल्याचे तांडेलाने सांगितले, तर पैसे भरले आहेत म्हणून हट्ट धरू नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला, याचे विस्मरण होता कामा नये.

आणि तळाशी काय दिसते? जे दगड वाटतात, ते जिवंत असतात. प्रवाळ म्हणजे सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. त्यांच्या शरीरात एक शैवाल राहते. प्रवाळ शैवालाला निवारा देते, शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून प्रवाळाला पोसते. येथेही सांगडच आहे! पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभरच अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले की ही सांगड सुटते, शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि पाणी लवकर थंड झाले नाही तर मरते. १९९८ पासून जगभरातील प्रवाळांवर अशी संकटे पुनःपुन्हा आली आहेत. दमलेल्या मुलाने क्षणभर पाय टेकला, तरी कित्येक वर्षांची वाढ मोडते. म्हणून तरंगावयाचे, उभे राहावयाचे नाही. काही उचलावयाचे नाही. माशांना खाऊ घालावयाचे नाही. हवाईत तर प्रवाळाला अपायकारक अशा दोन रसायनांनी युक्त उन्हाळी मलमांच्या विक्रीस २०२१ पासून कायद्याने बंदी आहे.

समारोप

या साऱ्यातून आपण घरी काय न्यावयाचे? समुद्र जरी दूर असला, तरी विहीर घराजवळ आहे. येत्या सुटीत जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणे शिका. पाठीला आधार बांधण्यात कमीपणा मानू नका. ज्यांनी महासागर ओलांडला, त्यांनीही आपल्या होडीला उलांडी बांधली होती. एकट्याने पाण्यात उतरू नका. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी स्वतः उडी घेऊ नका. दोर, बांबू, रिकामी घागर, जे हाती लागेल ते त्याच्याकडे टाका व मोठ्यांना हाका मारा. त्या क्षणी ती घागर हीच त्याची उलांडी होय.

अभ्यासासाठी

१. उलांडीचे अंतर दीड मीटरांऐवजी दोन मीटर केले, तर दोन्ही बाजूंची सावरणारी परिबले किती होतील? अंतर हवे तेवढे का वाढवीत नाहीत, याचा विचार करा.

२. पाण्याने भरलेल्या टबात एक अरुंद लाकडी पट्टी उभ्या कडेवर तरंगवून पाहा. मग दोन काड्यांनी तिला थर्मोकोलचा तुकडा बाजूस जोडा व फरक टिपून ठेवा.

३. आपल्या आजोबा-आजींना विचारा : ते पोहणे कोठे शिकले, कोणी शिकविले, आणि पाठीला काय बांधले होते? त्यांची उत्तरे वहीत लिहा.